लिसांद्रोचा वरंबा

लिसांद्रो अंतिएकोने एकतीस वर्षं एकच रस्ता सरळ केला. रिओ मायोच्या पुढे डांबर संपतं, तिथून आमच्या लागुना सेका गावापर्यंत. एकशे अठरा किलोमीटर, सगळी खडी. तो वर ग्रेडरवर, म्हणजे पात्याने रस्ता घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर, मी खाली फावडं आणि ग्रीसचा डबा घेऊन. काम करताना ग्रेडर ताशी आठ किलोमीटर चालतो. त्याहून जोरात चालवणारा काम करत नसतो, फिरायला निघालेला असतो.

त्याची पद्धत ठरलेली होती. सुटी खडी कडेला ढकलायची नाही. पात्याने ओढून रस्त्याच्या मधोमध तिचा वरंबा घालायचा, गुडघ्याइतका उंच, दोरी लावल्यासारखा सरळ. जाणाऱ्याने वरंब्याच्या उजवीकडची चाकोरी धरायची, येणाऱ्याने पलीकडची. हिवाळा सरताना बर्फ वितळून चाकोऱ्या खचल्या की त्याच वरंब्यातली खडी पसरून भरायची. कडेला ढकललेली खडी उतारावरून गेली की गेली, ती कोणी वर आणून देत नाही.

ट्रकवाल्यांना वरंब्याचं काही वाटत नसे. मोटारसायकलवाल्यांना तो नको असे. एकदा एक परदेशी बाई त्यावर चढून पडली. लिसांद्रोने ग्रेडर थांबवला, तिची गाडी उचलून दिली आणि म्हणाला, "बाई, हा रस्ता आहे, नाचायची फरशी नाही." मी हसलो होतो. तेही लिहून ठेवतो.

ग्रेडरवाल्याची नजर पात्यावर असते. पुढचे दोन मीटर, आणि डाव्या हाताला पडत जाणारा वरंबा. एकतीस वर्षांत त्याची मान डावीकडे आणि थोडी खाली अशी बसून गेली होती. जेवतानाही तो ताटाच्या डाव्या कडेकडे बघत बसे. नेलिदा, त्याची बायको, म्हणायची, "भाकर इकडे आहे. तिकडे फक्त टेबल आहे."

निवृत्त होण्याआधी अकरा वर्षं, पातं बदलताना ते सुटून त्याच्या डाव्या घोट्यावर आलं. आत पट्टी आणि सहा स्क्रू आहेत. पाय चालतो. पण अचानक भार पडला तर तो घेईल की नाही, हे पायालाच माहीत.

निवृत्तीनंतर त्याने मोटारसायकल घ्यायची ठरवली. गावात फिरायला त्याच्याकडे एक छोटी होतीच. ही मोठी, लांबच्या प्रवासाची, पेट्यांची, वाऱ्याला काच असलेली. कारण नेलिदा होती. ती कातामार्काची, उत्तरेच्या डोंगरातली. एकोणिसाव्या वर्षी इकडच्या मेंढ्यांच्या मळ्यावर स्वयंपाकाला आली ती इथलीच झाली. एकेचाळीस वर्षांत दोनदा माहेरी गेली, दोन्ही वेळा मयताला. आता तिथे तिची एकच बहीण उरली आहे, एर्मिनिया, ब्याऐंशी वर्षांची, जी अंगणाबाहेर पडत नाही. लिसांद्रोला तिला तिकडे न्यायचं होतं. बसने तीन दिवस कोंबून नव्हे, आपल्या चालीने, वाटेत थांबत.

"एकतीस वर्षं लोक माझ्या रस्त्यावरून कुठे कुठे गेले," तो मला म्हणाला. "मी ताशी आठने त्यांची धूळ खाल्ली."

नेलिदाने ऐकून घेतलं. मग अट घातली, माझ्यासमोर.

"कोमोदोरोहून गाडी या अंगणात स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. वाटेत एकदाही आडवी न होता. आडवी झाली तर मी तिच्यावर बसणार नाही, आणि सोमवारी दुकानाच्या काचेवर विकायची चिठ्ठी. कोंपाद्रे मागे बसतील. काय झालं ते मला ते सांगतील."

तिच्या मुलीचा मी धर्मपिता, म्हणून आम्ही कोंपाद्रे. त्या नात्यात नाही म्हणता येत नाही. मागे बसायला मला कोणी विचारलं नव्हतं.

*

डिसेंबरात, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात, आम्ही बसने किनाऱ्यावरच्या कोमोदोरो शहरात गेलो. गाडी विकणारा तेलविहिरींवरचा वेल्डर होता, मुलीकडे स्पेनला निघालेला. पहाटे पाचला निघायचं आमचं ठरलं होतं. आमच्याकडे वारा दहाला उठतो आणि रात्री आठला बसतो, त्याच्याआधी जेवढं अंतर कापाल तेवढं तुमचं. पण वेल्डरला गाडी सोडवेना. त्याने ती पुसली. मग माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पाजला. मग परत पुसली.

"दोन गोष्टी," तो शेवटी म्हणाला. "हिच्याशी ताकदीने भांडायचं नाही. आणि नजर. जिकडे बघाल तिकडे ही जाते. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात. लांब बघायचं."

"मी एकतीस वर्षं यंत्र चालवलंय," लिसांद्रो म्हणाला.

"ताशी किती?"

लिसांद्रोने हेल्मेट घातलं.

निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि वारा उठला होता.

पश्चिमेला जाताना वारा समोरून होता. गाडी नव्वदने धावत होती, कानात आवाज दीडशेचा. माझं हेल्मेट मागे ओढलं जाई आणि पट्टा हनुवटीखाली रुते. लिसांद्रो काचेमागे वाकला होता, मला काच नव्हती. तेलाचे पंप मागे पडले, मग नुसतं माळरान. समोरून ट्रक आला की त्याच्या हवेचा धक्का छातीवर बसे, आणि तो गेल्यावर गाडी एका क्षणासाठी पुढे उडी घेतल्यासारखी करी. पहिल्या दहा ट्रकांना मी डोळे मिटले. नंतर सोडून दिलं, मिटून फरक पडत नव्हता.

सार्मिएन्तोला पेट्रोलसाठी उतरलो तेव्हा मला मान वळवता येईना.

"मागे कसं वाटतं?" लिसांद्रोने विचारलं.

"तुझी पाठ बघतोय मघापासून."

"बरी आहे?"

"रुंद आहे. वारा अडवते. बाकी गुण नाही."

त्याच्या हातांकडे मी पाहिलं. हातमोजे काढले तरी बोटं मुठीसारखीच वळलेली होती. तो त्यांना एकेक करून सरळ करत होता. कामावरही नवीन माणूस दांडा असाच आवळतो आणि दुपारपर्यंत निकामी होतो. त्याला ते ठाऊक होतं.

रिओ मायोला चार वाजता पोचलो. टाकी भरली, टायरमधली हवा थोडी सोडली. डांबर संपतं तिथे दिफुंता कोरेआची देवळी आहे. वाळवंटात तहानेने मेलेली आई ती, म्हणून वाटसरू तिथे पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवतात. आमच्याकडे एकच बाटली होती. लिसांद्रोने तिच्याकडे पाहिलं, अर्धी प्यायला आणि उरलेली अर्धी ठेवली.

"अर्धी?" मी म्हणालो.

"अजून एकशे अठरा किलोमीटर आहेत. तिला तहान लागते तशी मलाही लागते."

*

तिथून रस्ता दक्षिणेला वळतो आणि वारा उजवीकडून येतो. म्हणजे तो डावीकडे ढकलतो. डावीकडे वरंबा, आणि डावा पाय स्क्रूंचा.

आता सरळ जायचं तर गाडी उजवीकडे कलवून ठेवावी लागत होती. तशी ती जातही होती. पण मधेच एखादी टेकडी वारा अडवी. वारा गेला की कललेली गाडी उजव्या कडेकडे झेपावे. लिसांद्रो तिला सावरी, तोवर टेकडी संपे आणि वारा थप्पड मारल्यासारखा परत येई. मग डावीकडे. चाकोरी दीड हात रुंद, तिच्या आत हे सगळं. चाकोरी सोडली तर एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला वरंबा.

मी गोणी झालो. गोणी हलत नाही आणि सल्ला देत नाही. खांब मोजत होतो. प्रत्येक किलोमीटरला एक लाकडी खांब आहे, त्यातले अर्धे मीच पुरलेत. पाच. नऊ. बारा. बाराव्या खांबापाशी गाडीचं मागचं चाक दोनदा घसरलं आणि दोनदा परत आलं. त्याने वेग कमी केला, तर ती जास्तच डुलायला लागली. वाढवला तर स्थिर झाली. मी मागचा दांडा घट्ट धरला तो त्या स्थिर होण्याने. पडायचं तर या वेगाने पडायचं होतं.

चाळीसाव्या खांबाला तो थांबला. उतरलो. त्याचा डावा पाय मांडीपासून थरथरत होता, जसं डिझेल इंजिन बंद करताना थरथरतं तसा.

"पायावर भार देतोयस?"

"नाही. तो स्वतःच घेतोय."

"घरी ट्रकवरून नेता येईल."

"तू मागे बसायला आलायस की बोलायला?"

सत्तेचाळीसला मऊ वाळूचा पट्टा आहे. तिथे त्याने मला उतरवलं. मी सहाशे मीटर वाऱ्यात तिरका चाललो आणि तो दोन्ही पाय काढून, पावला-पावलाने गाडी रेटत गेला. पलीकडे पोचलो तेव्हा दोघांचाही श्वास सारखाच लागला होता. हे मला बरं वाटलं. मागे बसणाऱ्यालाही काम असावं.

एकसष्टाव्या खांबापाशी ग्रेडर दिसला. फिदेल बारिया गावाकडून आमच्या दिशेने येत होता. पंचेचाळिशीचा माणूस, लिसांद्रोच्या हाताखाली शिकलेला, आता तोच ग्रेडर चालवतो. त्याने यंत्र थांबवलं आणि खाली उतरला. गाडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"दोन म्हातारे एका घोड्यावर," तो म्हणाला. "घोडा पांगळा होईल."

"घोडा ठीक आहे. मागचा जास्त खातो," लिसांद्रो म्हणाला.

फिदेलला अट माहीत होती. गावात सगळ्यांना माहीत होती. त्याने आवाज खाली आणला, जणू त्या माळावर कोणी ऐकत होतं.

"ऐका. उद्या माझा ट्रेलर रिकामा गावात जातोय. गाडी त्यावर चढवू, वर ताडपत्री. गावाच्या वळणाच्या आधी उतरवायची आणि दारात चालवत न्यायची. आज रात्री माझ्या खोपटात झोपा. कोकराचा रस्सा आहे."

"ट्रेलरवरून आलेल्या गाडीवर धूळ कशी बसते आणि चालवत आणलेल्या गाडीवर कशी, ते तिला कळतं. एकतीस वर्षं तिने माझे कपडे धुतलेत."

"मग मी पुढे चालतो. वरंबा पसरून देतो, तुम्ही सपाटीवरून मागे या."

लिसांद्रोने वरंब्याकडे पाहिलं. ताजा होता, ओलसर, कडा धारदार.

"गोळा करायला किती दिवस लागले?"

"एकोणीस."

"मग गप्प बस."

मला तेव्हा राग आला. मागे मी बसलो होतो. पण बोलायला तोंड नव्हतं, एकोणीस दिवस म्हणजे काय ते मलाही माहीत आहे.

निघताना फिदेल म्हणाला, "ऐंशीच्या पुढे थोडा वाकडा गेलाय. पात्याचा बोल्ट सैल झाला होता."

"किती वाकडा?"

"बघालच."

मी ते ऐकलं आणि हेल्मेटचा पट्टा आवळत बसलो. त्या एका शब्दात काय होतं ते माझ्या लक्षात आलं नाही. यायला हवं होतं.

*

सत्तर गेला. पंचाहत्तर गेला. ताज्या घासलेल्या चाकोरीत गाडी बरी चालत होती, आणि वारा तासाभरात बसणार होता. लिसांद्रोचे खांदे पहिल्यांदाच खाली आले होते. मला वाटलं, पोचतो आपण.

ऐंशी. एक्याऐंशी. मला समोर त्याचं हेल्मेट दिसत होतं. ते थोडं डावीकडे वळलं. मग खाली झुकलं. ते मी हजार वेळा पाहिलं होतं, खालून, फावडं हातात घेऊन. तो वरंबा तपासत होता. ब्याऐंशीपासून वरंबा खरंच सापासारखा गेला होता, मधे पातळ, मधे फुगलेला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला वाटलं असेल, मलाही तेच म्हणायचंय. त्याने मान हलवली. नाराजीची.

चौऱ्याऐंशीच्या खांबाच्या पुढे वाऱ्याचा एक झोत आला. फार मोठा नव्हता, दिवसभरात याहून मोठे चाळीस येऊन गेले होते. पण तो त्या वेळी वाकड्या वरंब्याकडे बघत होता, आणि गाडी तो बघत होता तिकडे गेली.

पुढचं चाक वरंब्यात शिरलं. मी पाहिलं, आवाज ऐकू आला नाही. मग मी खडीवर होतो, छातीवर, तोंडात माती. मनगट वळलेलं. उठलो. गाडी डाव्या कुशीवर पडली होती, मागचं चाक फिरत होतं, आणि लिसांद्रो तिच्याखाली होता.

"पाय?" मी ओरडलो. वाऱ्यात ओरडावंच लागतं.

"आहे."

"हलतो?"

"तुझ्याशी बोलतोय ना."

"पायाने बोलतोस का?"

त्याने हात लांबवून चावी फिरवली. चाक थांबलं. मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पेटीने गाडीचा भार घेतला होता. पेटी चेपली होती, पण ती आणि इंजिन यांच्यामध्ये एका बुटाएवढी फट उरली होती, आणि त्या फटीत त्याचा बूट होता. डावा. मी दोन्ही हातांनी बुटाखालची खडी उकरली. फावडं नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्या रस्त्यावर माझ्याकडे फावडं नव्हतं. वीतभर उकरल्यावर पाय सुटला. तो बसला, घोटा दाबून पाहिला, बुटाची नाडी परत बांधली. त्यातच उत्तर होतं.

मग तो गाडीकडे बघत राहिला.

"आडवी झाली," तो म्हणाला.

आडवी झाली होती.

*

गाडी अडीचशे किलोची. आम्ही दोघं मिळून एकशे एकतीस वर्षांचे, तीन पाय आणि तीन हात चालू. त्या रस्त्याला दिवसाला दोन गाड्या येतात, त्या दिवसाच्या दोन्ही येऊन गेल्या होत्या. फिदेल तेवीस किलोमीटर मागे होता.

आधी वरची पेटी आणि सामान काढलं. मग पाठ सीटला लावून, गुडघे वाकवून, मागे मागे रेटायचं. ती रीत बरोबर आहे. पण त्यासाठी दोन्ही पाय खडीत रोवावे लागतात, आणि उचलायचं होतं वाऱ्याच्या तोंडावर. पहिल्यांदा गाडी वीतभर उठली आणि परत बसली. दुसऱ्यांदाही तेवढीच. लिसांद्रोचा डावा पाय खडीत सरकत होता.

"थांब," मी म्हणालो. "पूर्ण उचलायची कशाला? वीतभर उचलतोय ना आपण."

त्याला लगेच कळलं. ग्रेडर चिखलात बसला की आम्ही हेच करायचो. वीतभर उचल, खाली भर, परत वीतभर. त्याने पाठीने रेटलं, मी एका हाताने मागचा दांडा धरला, आणि गाडी वर आली तशी पायाने वरंब्यातली खडी तिच्या खाली लोटली. सोडली. या वेळी ती खाली बसली नाही. परत. खडी भरपूर होती, हाताशी होती, सुटी होती. अकरा वेळा केलं. प्रत्येक वेळेच्या मधे शंभरपर्यंत श्वास. घाई करून पाठ गेली तर सगळंच गेलं. बाराव्या वेळी मी स्टँड पायाने बाहेर ओढला आणि गाडी त्यावर उभी राहिली.

आम्ही तिच्या आडोशाला बसलो. डावा आरसा वायरीला लोंबत होता. पाणी नव्हतं.

"अर्धी बाटली ठेवलीस," मी म्हणालो, "म्हणून अर्धा पाय वाचला."

तो हसला नाही. उठला, आणि आम्ही जिथली खडी उपसली होती तिथे वरंब्यात खिंडार पडलं होतं, ते पायाने सारखं करायला लागला. मी त्याला करू दिलं.

मग मी बोललो ते असं. "हे बघ. रिओ मायोला पंपावर गाडी उभी होती, आपण आत होतो, वाऱ्याने पाडली. आपल्याकडे वारा ट्रक पाडतो. कोण विचारणार? नेलिदा कोमाद्रे मला विचारतील, मी तेच सांगेन. पाप माझ्या डोक्यावर."

त्याने ऐकलं. हेल्मेट घातलं. "बस," एवढंच म्हणाला. हो की नाही ते कळलं नाही.

उरलेले चौतीस किलोमीटर मी खांब मोजले नाहीत. त्याचं हेल्मेट बघत होतो. सहा वेळा ते डावीकडे झुकलं. सहाही वेळा माझी बोटं त्याच्या जाकिटात रुतली आणि तो सावरला. एकोणीसशे वाकडे वरंबे परवडले, पण असे चौतीस किलोमीटर नकोत. वारा मात्र बसला होता. आता त्याच्यावर काही ढकलता येत नव्हतं.

*

नेलिदा फाटकात उभी होती. आम्ही अंगणात शिरलो, स्वतःच्या चाकांवर. लिसांद्रोने इंजिन बंद केलं आणि तो बसूनच राहिला. तिने गाडीला एक फेरी मारली. चेपलेली पेटी पाहिली. आरसा पाहिला. त्याच्या डाव्या खांद्यावरची माती चिमटीत घेऊन चोळली.

मी तोंड उघडलं. "रिओ मायोला पंपावर..."

"चौऱ्याऐंशीला," लिसांद्रो म्हणाला. "आडवी झाली."

मी तोंड मिटलं. माझं पाप माझ्याकडेच राहिलं.

"पाय सटकला?" तिने विचारलं.

"नाही."

"वारा?"

त्याला फक्त हो म्हणायचं होतं. मी मनात म्हणत होतो, हो म्हण.

"वारा होता, पण वाऱ्याने नाही. फिदेलने वरंबा वाकडा घातलाय. तो बघत होतो."

नेलिदा माझ्याकडे वळली.

"कोंपाद्रे, हे खरं?"

"खरं. मान अशी." मी मान डावीकडे झुकवून दाखवली. दाखवायची गरज नव्हती, तो समोर तशीच मान करून बसला होता. गाडीच्या डाव्या कडेकडे बघत.

"उचलली कोणी?"

"आम्ही दोघांनी. खडी भरत भरत."

ती आत गेली. तळलेल्या तोर्ता, म्हणजे पिठाच्या जाड पुऱ्या, आणि माते बाहेर आणला. आम्ही उभ्यानेच खाल्लं. तो काही विचारत नव्हता. विचारायला काय होतं, अट सगळ्यांनी ऐकली होती. शेवटी तिनेच थर्मासचं झाकण लावलं.

"वारा म्हणाला असतास तर सोमवारी चिठ्ठी लावली असती," ती म्हणाली. "वाऱ्याला मी काय करणार? पायालाही काही करता येत नाही, डॉक्टरला आलं नाही. पण मानेचं मी बघते. एकतीस वर्षं जेवताना तेच करतेय."

"म्हणजे?" लिसांद्रो म्हणाला.

"म्हणजे आरसा लाव. एक आरसा आणि अर्धी पेटी घेऊन मी बहिणीच्या दारात जाणार नाही."

सोमवारी मी मुद्दाम दुकानावरून गेलो. काचेवरच्या चिठ्ठ्यांत एक सायकल होती आणि कोंबड्या होत्या. मोटारसायकल नव्हती.

जानेवारीत लिसांद्रो फिदेलकडे गेला आणि म्हणाला, दर खांबापाशी वरंब्यात तीन पावलांची वाट सोड. फिदेल म्हणाला, तुम्हीच शिकवलंत की सोडू नको. लिसांद्रो म्हणाला, तेव्हा मी वर बसलो होतो. फिदेलने अजून सोडलेली नाही. विचार करतोय.

मार्चमध्ये वारा थकतो. त्या दिवशी सकाळी मी गावाबाहेर तीन किलोमीटरवर कुंपणाची तार ओढत होतो. गावाकडून गाडी आली. आरसा नवा, पेटी ठोकून सरळ केलेली, मागे नेलिदा, मांडीवर कापडात बांधलेलं काहीतरी बहिणीसाठी. आता ते उत्तरेला चालले होते. लिसांद्रोने मला हात केला नाही, दोन्ही हात गाडीवर होते. ते बरोबर होतं.

ते पुढे गेले. रस्ता तिथे खूप लांबवर सरळ दिसतो. मी बघत उभा राहिलो. पुढच्या खांबाच्या आसपास त्याचं हेल्मेट हळूच डावीकडे झुकलं. नेलिदाची मूठ वर आली आणि त्याच्या हेल्मेटवर दोनदा बसली, दार ठोठावावं तशी. हेल्मेट सरळ झालं. मग मी तार ओढायला लागलो.